बावीसची नायिका, एकसष्टचा गळा

हासन, शुक्रवार दुपार

तीर्थस्वरूप गिरिजक्का हिच्या पायांशी विशालाक्षीचा साष्टांग नमस्कार. म्हैसूरला तुम्ही सगळी सुखात असाल असं धरून चालते. भावोजींचा गुडघा जिना चढू देतो का? सूनबाई अजून सारूत गूळ घालते का? (घालत असेल तर घालू दे. आपण तरी आपापल्या सासवांना कुठं कमी छळलं!) मी बरी आहे, आमचे हेही बरे आहेत, फक्त गेले दोन महिने या घरात जे चाललंय ते टेलिफोनवर सांगण्यासारखं नाही. टेलिफोनवर हे शेजारी बसून ऐकतात आणि मी बोलत नसताना मान डोलावतात.

तर अक्का, उभी असशील तर आधी बस. तो प्रेमाचा सिनेमा तू पाहिलास, हे मला ठाऊक आहे. (कुठला म्हणून विचारू नकोस. सगळ्या कर्नाटकातल्या रिक्षांच्या पाठीवर सध्या एकच नाव आहे.) तुझ्या सुनेनं कळवलं की शेवटच्या वीस मिनिटांत तू तीन रुमाल भिजवलेस आणि चौथा शेजारणीचा घेतलास. त्या सिनेमातली ती चिकमगळूरच्या मळ्यातली, कॉफीच्या फुलांत उभी राहून नायकाला साद घालणारी, काडीसारखी नाजूक पोरगी... तिचा आवाज माझा आहे. हो, माझा. तुझ्या धाकट्या बहिणीचा. हासनच्या बसस्टँडवर सव्वीस वर्षं माईकपुढं बसून ‘सकलेशपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे’ म्हणणारीचा!

झालं असं. श्रावणात मी बंगळूरला स्फूर्तीकडे गेले होते, आठवतं? लेकीच्या घरी सुखानं चार दिवस राहावं म्हटलं, तर तिच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी नाही. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तिथूनच ओरडले, ‘स्फूर्ती, पाच झाल्या, गॅस बंद कर!’ त्याबरोबर वरच्या मजल्यावरचा लोहित नावाचा माणूस जिन्यावरून धावत खाली आला. मला वाटलं, भांडायला आला. तर म्हणाला, ‘अम्मा, तुम्ही अजून एकदा ओरडता का?’ हा सिनेमांत आवाज भरण्याचं काम करतो. त्यांच्या नायिकेसाठी बोलणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसलेला, सिनेमा लागायला बारा दिवस उरलेले. मी म्हटलं, अरे बाबा, मी आजी व्हायच्या वयाची. तो म्हणाला, ‘अम्मा, माईकला वय दिसत नाही.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी सँडल घालूनच उत्तर दिलं.

आता आतली गोष्ट ऐक. ती नायिका चंदीगडची, तिला कन्नडचा एक शब्द येत नाही. शूटिंगच्या वेळी तिनं नुसते आकडे म्हटलेत! पडद्यावर नायक पावसात हात पसरून उभा, ही डोळ्यांत पाणी आणून म्हणते, ‘सेव्हन, एट, नाइन,’ आणि त्या तीन आकड्यांच्या ओठांत मी ‘तुझ्याशिवाय कशी जगू’ बसवायचं. एकदा तर ती नुसतंच ‘इलेव्हन’ म्हणून पळत सुटली होती. तिथं मी ‘अय्यो’ घातलं. (ते ‘अय्यो’ आता कॉलेजच्या पोरी म्हणत फिरतात.) पहिल्या दिवशी मात्र माझी फजिती. ‘थांब, जाऊ नकोस,’ एवढंच म्हणायचं होतं. माझी जन्माची सवय, मी म्हटलं ते थेट शंभर प्रवाशांना ऐकू जाईल असं. दिग्दर्शक दाढी खाजवत म्हणाला, ‘अम्मा, तुमचं त्याच्यावर प्रेम आहे की त्याला फलाटावरून हटवताय?’

रडणं तर जमेचना. लोहित म्हणाला, आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख आठवा. मी डोळे मिटले आणि मला माझी मोरपंखी म्हैसूर सिल्क आठवली. तीच गं, तू मुंजीला नेसायला नेलीस आणि सारूचा डाग पाडून, वर घडी उलटी घालून परत केलीस. असे हुंदके फुटले, अक्का, की काचेपलीकडे लोहितनं चष्मा काढून पुसला. (तू चार रुमाल भिजवलेस ते हे हुंदके. मी जुनं काही उकरून काढत नाही, फक्त माहितीसाठी लिहिलं.)

यांना मी काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली पस्तीस हे मला ‘जरा हळू बोल, शेजारी ऐकतात’ एवढंच म्हणत आलेत. सिनेमाला आपण होऊन कधी न जाणारा माणूस. पण फिरायला जाणाऱ्या मंडळींनी एक दिवस ओढून नेलं. परत आले ते खिडकीबाहेर बघत बसले. पुढ्यातली कॉफी निवून गेली. (हे कॉफीच्या कारखान्यात चव बघायला होते. यांच्या हातात कॉफी निवणं म्हणजे घरात सुतक.) दोन दिवसांनी दाढी करून पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी नवा शर्ट! मी सहज म्हटल्यासारखं केलं, ‘ती नायिका फारच वाळकी आहे, नाही?’ तर म्हणतात, ‘दिसण्याचं सोड. बोलते काय गोड! असं बोलणाऱ्या बायका आता राहिल्या नाहीत.’ हे कोणाला? मला! मी उप्पिट्टू वाढत होते, तो चमचा तसाच हवेत. आनंदानं नाचू की रागानं ताट उचलून नेऊ, कळेना. कधी कोणी बाई स्वतःच्याच गळ्यावर जळली असेल का गं?

मग मीही जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून, सिनेमातल्या त्याच सुरात म्हटलं, ‘तुम्ही येईपर्यंत मी इथंच पायरीवर बसून राहीन.’ हे चप्पल घालता घालता म्हणाले, ‘पायरीवर नको, ओल आहे.’

पाच वेळा झालं, तेव्हा मी म्हटलं, आता सहाव्यांदा मीही येते. दुपारचा खेळ, थिएटर गच्च, अर्धं गाव तिथं. पडद्यावर नायक निघाला, नायिका मळ्याच्या फाटकाशी येऊन म्हणाली, ‘थांब, जाऊ नकोस,’ आणि मागच्या रांगेतली एक बाई किंचाळली, ‘अगं बाई, हा तर आपल्या बसस्टँडवरचा आवाज!’ झालं! कोणीतरी शिट्टी मारली. दुसरा ओरडला, ‘अम्मा, बेलूरची गाडी कितव्या फलाटावर?’ तिसरा, ‘सुट्टे पैसे जवळ ठेवू का?’ सगळं थिएटर हसतंय, पडद्यावर ती बिचारी माझे हुंदके देतेय, आणि मी पदर तोंडावर ओढून खुर्चीत विरघळतेय. तेवढ्यात शेजारची खुर्ची फटकन वाजली. हे उभे! आयुष्यात कंडक्टरशीसुद्धा मोठ्यानं न बोललेला माणूस, काठी वर करून ओरडला, ‘गप्प बसा सगळे! माझी बायको बोलतेय!’

अक्का, शिट्टी मारणाऱ्यानं तोंडातली बोटं काढली. मग टाळ्या. हे खाली बसले आणि माझ्याकडे न बघता चुरचुरीत कोडुबळ्यांची पुडी पुढं केली.

घरी येताना विचारलं, ‘कधी ओळखलंत?’ म्हणाले, ‘पहिल्याच वाक्याला.’ ‘मग पाच पाच वेळा कशाला गेलात?’ तर म्हणतात, ‘घरी तू माझ्याशी सलग अडीच तास गोड कधी बोललीस?’ घरापर्यंत त्यांची काठी माझ्याच हातात होती आणि ते माझ्या दंडाला धरून चालत होते, एवढं सांगते.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
विशाला

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. लोहितच्या पुढच्या सिनेमात एक सासू आहे. सुनेला पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत फाडून खाते. असा आवाज त्यांना सगळ्या बंगळुरात मिळत नाहीये. मी म्हटलं, म्हैसूरला एक आहे. सोमवारी त्याचा फोन येईल. काही तयारी करू नकोस, तो हॅलो म्हणाला की सूनबाई समजून सुरू कर.

ता. क. दुसरा. गिरिजक्का, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी. पहिल्या वाक्याला ओळखलं, हे मी हिला सांगितलं ते खरं नाही. पहिल्यांदा मंडळींनी नेलं, पुढच्या दोन्ही वेळा मी त्या पोरीसाठीच गेलो होतो. तिसऱ्यांदा ती रडायला लागली तेव्हा ओळखलं. त्यानंतर तीन वेळा सिनेमा डोळे मिटून पाहिला. हिला कळू देऊ नका. पाकीट मीच चिकटवलंय.