गालफुग्या, सिंगापूरमार्गे

मी, इंदिरा रमाकांत टेंबे, वय ७२, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार जळोची, तालुका बारामती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मागितला नव्हता. कसा मिळाला ते पुढे येईल.

१. जळोचीचे राहते घर माझा एकुलता मुलगा मोहित आणि सून वैदेही यांना निम्मे निम्मे. गच्ची पावसाळ्यात गळते. तीही निम्मी निम्मी.

२. बँकेतली ठेव मोहितला. ती त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी भरेल. कारण पुढच्या कलमात आहे.

३. गालफुग्या. हे वीतभर उंचीचे, मऊ प्लॅस्टिकचे, गाल फुगवलेले हिरवे जपानी खेळणे आहे. मोहित कंपनीच्या कामाने टोकियोला गेला होता, तेव्हा एका दुकानाच्या काचेतला याचा फोटो त्याने मला पाठवला. खाली लिहिले होते, "आई, बाबा रुसल्यावर असेच दिसायचे ना?" यजमानांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. मी रात्रभर फोटो पाहिला आणि सकाळी कळवले, "घेऊन ये."

आणता येईना. बनवणारा कलावंत मोजकेच नग ओततो, प्रत्येक हाताने रंगवतो आणि सोडत काढून फक्त जपानात राहणाऱ्यांना विकतो. किंमत आपले सहा हजार. मग सिंगापूरचा एक विक्रेता सापडला. त्याने बावीस हजार सांगितले. कुरिअर आणि कस्टम धरून गालफुग्या माझ्या दारात आला तेव्हा एकतीस हजारांचा झाला होता. विक्रेता मला प्रत्येक पत्रात 'डिअर सर' लिहीत असे. एवढ्या पैशांत त्याने निदान 'मॅडम' तरी करायला हवे होते.

माझा जुना विद्यार्थी, निरवांगीचा रामहरी, तेव्हा ऊस तोडून झाल्यावर भेटायला आला होता.

"बाई, ह्यो जपानचा हाय, तर मधी सिंगापूरला कशाला उतरला?"

"तुझं डाळिंब मुंबईमार्गे दुबईला जातं तसंच."

"डाळिंब खात्यात तरी," रामहरी म्हणाला.

मोहितला आकडा कळला तेव्हा त्याने दोन दिवस पावत्या तपासल्या. तिसऱ्या दिवशी "रक्तदाब दाखवू" म्हणून मला बारामतीत डॉक्टर राजेश्वरी यांच्याकडे नेले. पाटी वाचल्यावर कळले, त्या मनाच्या डॉक्टर. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, गालफुग्याचा फोटो पाहिला आणि मोहितला म्हणाल्या, "माझे मिस्टर जुन्या बुलेटचे सुटे भाग जमवतात. त्यांना मी अजून तपासलेलं नाही. तुमच्या आई ठीक आहेत." वर दाखला दिला. तोच हा.

४. पुढचे मी कोणाला सांगितलेले नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा मोहितकडे मागायला माझा अभिमान आडवा आला. मी गालफुग्या त्याच सिंगापूरकराला परत विकला. बाजार थंड आहे म्हणत त्याने नऊ हजार दिले. घरी सांगितले, मांजराने पाडला, फुटला. मऊ प्लॅस्टिक फुटत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

सत्तराव्या वाढदिवसाला मोहित आणि नात श्रेया यांनी माझ्यापुढे खोका ठेवला. आत गालफुग्या.

"अगदी तसाच आहे ना, आजी?" श्रेयाने विचारले.

मी त्याला उलटा केला. डाव्या पायाच्या बोटावरचा रंगाचा टवका उडाला होता, तो विकण्याआधी मी माझ्याच ब्रशने बुजवला होता; माझा हिरवा थोडा गडद पडला होता. तो गडद ठिपका तिथेच होता.

"अगदी तसाच," मी म्हणाले.

"बेचाळीस हजार, आई," मोहित हळूच म्हणाला. "वैदेहीला बोलू नकोस." एकतीस हजारांसाठी आईला डॉक्टरकडे नेणारा हा मुलगा! माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मी ऑपरेशनवर ढकलले.

वैदेही, तू हे वाचते आहेस. त्याला रागावू नकोस.

गालफुग्या मोहितला. आपल्या घराने तो दोनदा विकत घेतला आहे. पुन्हा विकू नये.

५. ब्रश, रंग आणि चित्रफलक श्रेयाला.

६. नणंद म्हाळसावन्सं यांनी हळदीकुंकवाला बायकांसमोर "म्हातारपणी बाहुल्या" असे उद्गार काढले होते. त्यांना माझे काचेचे कपाट द्यावे. रिकामे. त्यात त्यांचे कधी न वापरलेले चार डिनर सेट छान दिसतील.

७. सिंगापूरहून आणखी एक पार्सल निघाले आहे. माझ्यामागे पोचले तर परत पाठवू नये. आत काय आहे ते लिहीत नाही. त्यावर नाव मोहितचे घातले आहे. कस्टमही त्यानेच भरावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि बहुधा शेवटचे. अंमलबजावणी वैदेहीने करावी, तिचा हिशेब चोख असतो. वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. दोघे हसले आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : बारामती
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) इंदिरा रमाकांत टेंबे

साक्षीदार :
१. (सही) रामहरी दगडू पोळ, निरवांगी, ता. इंदापूर
२. (सही) डॉ. राजेश्वरी शितोळे, बारामती