केसपेपरवरची ती एक ओळ

प्रिय आई,

आज ठाण्याच्या सरकारी ऑफिसातून तणतणतच घरी आले. पदर खोचला आणि आधी कागद-पेन घेतलं. तू गेलीस त्याला वर्ष होत आलं, पण भांडायचं कुणाशी? तुझा बाळू जेलमध्ये बसलाय. राहिलीस तू.

माझ्या सईच्या भरपाईचा अर्ज अडकलाय गं. लहान मुलांवर असा हल्ला झाला की सरकार उपचाराला मदत देतं, हे आमच्या केसच्या वकीलबाईंनीच सांगितलेलं. तिची दोन बोटं अजून वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन आता झालं तर झालं, वाढत्या वयात नंतर कठीण.

आणि अडकलाय कशावर? तुझ्या वाक्यावर! पोलिसांच्या कागदात मामाने कोयता मारला, आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'खेळताना पत्र्यावर पडली, माहिती देणार आजी'. अर्ज तपासणारे साहेब म्हणाले, यातलं खरं कुठलं?

मी कामावरून धावत पोचले तोवर तू सांगून मोकळी झालेलीस. खरं काय ते मला तीन दिवसांनी शेजारच्या वहिनींकडून कळलं. आई, तो कोयता तुझ्यावर उगारलेला ना? पोरगी तुला वाचवायला मध्ये आली. आणि तू वाचवलंस कुणाला? तुझ्या लाडक्या बाळूला! घरातलं घरात राहू दे म्हणे.

मी पोलिसांत तक्रार केली तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. मग अटॅक आला आणि गेलीसच. माझं बोलणं राहूनच गेलं.

दहाव्याला खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळले, काकांनी मला पुढे ढकललं. मी हात जोडून म्हटलं, आई, तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. लगेच आला मेला! एवढ्यातच जीव अडकलेला तुझा? नातीच्या हातात नाही?

म्हणून आज वकीलबाई म्हणाल्या, 'प्रतिज्ञापत्रात लिहून द्या, आई खोटं बोलली आणि का बोलली,' तर माझा हात चालेना. वर्षभर मी हेच टाळत आलेय. गेलेल्या माणसाला खोटारडी कशी म्हणू? विचार करते म्हणाले आणि उठले.

तेवढ्यात त्या साहेबांनी सईला जवळ बोलावलं. मायेनेच विचारलं, बाळा, हाताला काय झालं?

सई माझ्याकडे बघत म्हणाली, "पडले."

अगं आई! नऊ वर्षांची पोर. तू पढवलेलं तिला अजून पाठ आहे. बाहेर आल्यावर विचारलं, असं का गं म्हणालीस? तर म्हणते, "आजीने शपथ घातलेली. खरं सांगितलं तर मामाला फाशी होईल म्हणाली."

रिक्षात मला रडू आवरेना. तीच माझे डोळे पुसत होती, त्याच हाताने.

मला तुझी आठवण येते. तुझ्या हातच्या सुकटीची, तुझ्या शिव्यांचीसुद्धा. पण राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता ऐक. उद्या पहिल्या बसने मी परत ठाण्याला जातेय. तुझ्या नावानिशी लिहून देणार, माझी आई मुलाच्या मायेपोटी खोटं बोलली. सही करण्याआधी सईला शेजारी बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवेन. तुझी शपथ मी सोडवली, असं सांगेन तिला. तुला पाप लागलं तर लागू दे, मलाही लागू दे. तिला नको.

तुझीच,
शोभा