लाडू परत ताटलीत

१० मार्च २०२५, सोमवार

पहिल्या आल्या त्या मनजीत मॅडम, आणि मागून अंग चोरत पुण्याचे एक सर! मॅडम म्हणजे माझ्या नातीच्या, अक्षराच्या, पीएच.डी.च्या गाइड. गल्लीच्या टोकालाच राहतात. ‘माताजी, पुणे से मेहमान लाई हूं, जी भर के मराठी बोल लो!’

मला कोण आनंद! इकडं उत्तरेत, या सेक्टरात मराठी कानावर पडतं ते सुनेचं, तेही मला रागावताना. नात तर हिंदीतच उत्तरं देते.

सर मूळचे आमच्या साताऱ्याकडचे निघाले. मग काय, माझी टकळी सुरू! पिंजौरच्या गुळाचे लाडू पुढं केले. सरांनी एक उचलला, तोंडापर्यंत नेला — तेवढ्यात अक्षरा चहा घेऊन आली. ‘सर...’ म्हणाली आणि थिजलीच.

सरांनी लाडू परत ताटलीत ठेवला!

‘मॅडम, आपने बताया नहीं यह किसका घर है?’

‘ओ जी, चाय ही तो है!’

मग सरांनी माझ्याकडं वळून हात जोडले. ‘आजी, राग मानू नका. परवा हिची तोंडी परीक्षा मीच घेणार. निकाल लागेपर्यंत या घरचं पाणीसुद्धा चालायचं नाही मला.’

गेले! मला मेलीला अपमानच वाटला. अक्षरा म्हणते, ‘सही किया उन्होंने.’ तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात खोट काढली ती यांनीच म्हणे.

११ मार्च, मंगळवार

अंगणात पानांचा खच. इकडं झाडं मार्चातच झडतात, झाडून कंबर गेली. अक्षरा सकाळपासून कागद पसरून बसलीय, जेवली नाही.

तिच्या गणितातल्या विषयाचं नाव मी पाठ केलंय — अनंत मितींची ली अल्जेब्रा! पण म्हणजे काय, ते आज विचारलं. चौथी पास बाई मी. पोरीनं चक्क मराठीत सांगितलं, मोडकंतोडकं. ‘आजी, समज एक जिना. सगळ्यात वर एक पायरी. खाली उतरत जा, उतरत जा — शेवटची पायरीच नाही.’ त्या जिन्याच्या आत दुसरा जिना लपलेला नाही, हे तिनं सिद्ध केलंय. सर म्हणतात, एका ठिकाणी तुम्ही बघितलंच नाही. तिथं निघाला, तर प्रकरण पुन्हा लिहा! आणि तिला मिळालेली जर्मनीची नोकरी पदवी हातात असली तरच.

‘मग बघ की तिथं!’

‘देखा, आजी. महिनाभर देखा. नहीं है. पर सर मानेंगे?’

म्हटलं, ‘अगं, तोंडाशी नेलेला लाडू खाली ठेवणारा माणूस तो! पटलं तर पटलंच म्हणेल.’

हसली! किती दिवसांनी.

मंगळवारच, संध्याकाळी

तो लाडू वेगळ्या डब्यात ठेवलाय. सून म्हणते, ‘आई, खाऊन टाका आता.’ हात लावू दिला नाही.

१२ मार्च, बुधवार

दुपारी दारात मॅडमची गाडी. अक्षरा आधी उतरली, तोंडावरून काही कळेना. मागून सर. उंबऱ्यातच म्हणाले, ‘आजी, पटलं मला हिचं. आता आधी पाणी द्या. आणि माझा लाडू आहे ना?’

उद्या होळी. सर आणि मॅडम दोघंही पुरणपोळीला येतायत!