दवाखान्यात सांगायची गोष्ट

बाबा, मी दवाखान्यात तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगते. तुम्ही गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा सांगितली, आणि मग सवयच पडली. बारा वर्षं झाली. तुळिंजचा आपला माजी सैनिकांचा दवाखाना तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात फारसा बदल नाही. बाकडी नवी आलीत, टोकन आता यंत्रातून निघतं, एवढंच. माणसं तीच. सत्तरी ओलांडलेला सुभेदार समोर बसतो, श्वास लागलेला मला दिसत असतो, पायाला सूज असते, आणि विचारलं की म्हणतो, "एकदम फिट, मॅडम." बायको बाजूला बसून डोळे वटारत असते, पण बोलत नाही. मग मी पेन खाली ठेवते. म्हणते, माझे वडीलही फौजेत होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. त्यांनाही दुखत होतं. कोणाला बोलले नाहीत, मी डॉक्टर असून मलासुद्धा नाही, आणि एका शुक्रवारी शेताच्या बांधावर पडले ते उठलेच नाहीत. तुम्ही असं करू नका. एवढं बोलले की सुभेदारसाहेब खाली बघतात, मिशीवरून हात फिरवतात, आणि मग खरं काय ते बाहेर येतं. किती जणांना मी त्या गोष्टीच्या जोरावर वेळेत हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं असेल. दवाखान्यात सगळे मला त्यासाठी नावाजतात.

ही माणसं का लपवतात ते मला कोणी शिकवावं लागलं नाही, ते मी तुमच्याकडूनच शिकले. फौजेत वर्षाच्या तपासणीत काही निघालं की माणूस खालच्या कॅटेगरीत जातो, मग बढती अडते, चांगली पोस्टिंग हुकते, पलटणीत लोक वेगळ्या नजरेने बघतात. तुम्ही तपासणीच्या आधी सुट्टीवर आलात की आईला स्वयंपाकात मीठ घालू द्यायचा नाहीत, सुकी मासळी तर नजरेला पडू द्यायची नाही. आणि तो डोळ्यांचा तक्ता! तुमचा डावा डोळा अधू होता. तुम्ही वहीच्या कागदावर तक्त्याच्या खालच्या ओळी उतरवून आणल्या होत्या, आणि मी तिसरीत की चौथीत, ओटीवर मांडी घालून तो कागद धरून बसायचे. तुम्ही डोळे मिटून इंग्रजी अक्षरं घडाघडा म्हणायचात, चुकलात की मी हातावर चापट मारायची. "हे कोनाला सांगू नको," तुम्ही म्हणायचात, आणि मला काय अभिमान वाटायचा. डॉक्टरला फसवायला मी मदत करत होते. पुढे मीच डॉक्टर झाले तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत आणि मला हळूच म्हणालात की आता तुम्हालाच सांभाळून खोटं बोलावं लागेल.

मी दवाखान्यात लागले तेव्हा नियम तुम्हीच घालून दिलात. घरी पोरगी, तिकडे डॉक्टर. तुम्ही पश्चिमेला बसमधून उतरून नालासोपाऱ्याचा रेल्वेपूल ओलांडून चालत यायचात, इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट, आणि टोकन घेऊन सगळ्यांसारखे बाकावर बसायचात. आत आलात की टाचा जुळवून "जय हिंद, साहेब" म्हणायचात, आणि मला हसू आवरायचं नाही. गोळ्या लिहून घेतल्या की निघालात. ब्लडप्रेशर मी स्वतः मोजायचे, तेवढ्यात तुम्ही माझ्या मुलीची खबर काढायचात. ती दोन मिनिटं मला फार आवडायची, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग ती तक्रार झाली. आमच्या नर्सिंग असिस्टंटने एकदा तुम्हाला नंबर सोडून आधी आत घेतलं. तुम्ही नको म्हणत होतात, तोच ऐकेना. कोणीतरी वहीत लिहिलं की डॉक्टरचे नातेवाईक आधी जातात आणि आत गप्पा मारत बसतात. दवाखान्याचे प्रमुख, ते निवृत्त कर्नल, त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं. ओरडले नाहीत, नुसती वही माझ्याकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेली मुलगी, माझ्याविरुद्ध असं लिहून यावं? त्या दिवसापासून मी तपासणीच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागले. सगळ्यांना दिसू दे, मी कोणाला किती वेळ देते ते.

पुढचा सोमवार. सोमवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, शनिवार-रविवारची सगळी दुखणी त्या दिवशी येतात. तुमचं टोकन एकेचाळीस. तुम्ही आत येता, टाचा जुळवता, "जय हिंद, साहेब." मी हसत नाही. वर बघतसुद्धा नाही. समोरच्या बाकावरची माणसं आत बघतायत आणि मला त्यांना दाखवायचंय की हा माणूस माझ्यासाठी एकेचाळीस नंबर आहे, बाकी काही नाही. "काही तक्रार?" मी जरा मोठ्यानेच विचारते, बाहेर जाईल अशा आवाजात. तुम्ही खुर्ची पुढे ओढता, वाकता, हळू आवाजात काहीतरी बोलता. बाहेर नंबर पुकारले जातायत, औषधाच्या खिडकीशी कोणाचं तरी भांडण चाललंय. मी म्हणते, "घरी बोलू, बाबा," आणि जुन्याच गोळ्या लिहिते. ब्लडप्रेशरच्या रकान्यात १३०/८० लिहिते. पट्टा तुमच्या हाताला बांधलाच नव्हता. तुम्ही बघत होतात मी काय लिहिते ते. उठलात, कडक सलाम ठोकलात, आणि मी पुढचा नंबर बोलावला.

घरी बोलणं झालं नाही. तेव्हा मी विरारला सासरी, मुलीची परीक्षा, रविवारी येऊ असं ठरवलं. तुम्ही शुक्रवारी गेलात. अंगणात माणसं जमली, आणि जो तो म्हणत होता, फौजी माणूस, दुखलं-खुपलं सांगायची सवयच नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, चिडली होती. "चोवीस वर्सं बाहेर काढली, आनि इथे आल्यावर पन मना एक शब्द बोलले नाय," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, तुला तरी काही बोलले होते का? मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, बाबा. एवढंच केलं. त्या एका मान हलवण्यावर पुढची बारा वर्षं उभी राहिली.

आई तुमच्यावरचा राग सोडेना. वर्षश्राद्धाला सगळं रीतसर केलं, पण तुमच्या फोटोसमोर दोन मिनिटं बसली असेल तर शपथ. नातीने आजोबांबद्दल विचारलं की म्हणायची, मला काय ठाऊक, मला कधी काही सांगितलं तर ना. मला ते ऐकवत नसे. पण मी मूग गिळून बसले, आणि दवाखान्यात तीच गोष्ट वर तिखटमीठ लावून सांगू लागले. माझ्या चुकीवर तुमच्या नावाचं पांघरूण घातलं आणि वरून शाबासकी घेतली.

गेल्या महिन्यात गिरीजचे एक निवृत्त नायक आले, दवाखान्यातले जुने पेशंट. केळीची वाडी आहे त्यांची, चर्चच्या गायनात अजून गातात, तुमच्याच वयाचे असतील. त्यांच्या आधीच्या माणसाला मी तुमची गोष्ट सांगत होते, दार नेहमीप्रमाणे उघडं. त्यांचा नंबर आला तेव्हा ते आत आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार लोटलं. खुर्चीत बसले. गुडघ्याचं काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते.

"डॉक्टर, रागावू नका," ते म्हणाले. "तुमचे वडील लपवून नव्हते गेले. त्या सोमवारी माझ्याच बाजूला बसलेले. मला म्हणाले, नायक, पलटणीत सगळ्यांना फसवलं, आज पोरीला सांगून टाकतो."

मी विचारलं, बारा वर्षं का बोलला नाहीत? ते म्हणाले, तुमची गोष्ट ऐकून लोक खरं बोलतात, औषध घेतात, बरे होतात, कशाला मोडायची? पण आता आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चाललाय, मनात ठेवून बरं वाटत नाही. शिवाय त्या भल्या माणसाला सगळे खोटारडा समजतात, तेही मला पटत नाही. मग त्यांनी गुडघा दाखवला. मी तो तपासला, बराच वेळ तपासला.

तुम्ही ठरवून आला होतात. उभा जन्म डॉक्टरांना गुंगारा दिलेला माणूस त्या दिवशी ठरवून आला होता की आता पुरे, आता समोर आपली पोरगी आहे. आणि पोरीने तुमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. हे बाकी कोणाच्या नाही, तुमच्याच बाबतीत झालं, माझ्या हातून झालं. ओटीवर तो कागद धरून बसणारी मीच होते ना? तुम्ही एका शब्दानं कुरकुरलात तरी जगातल्या बाकी कोणाच्या आधी मी उठून उभं राहायला हवं होतं. मला स्वतःची चीड येते. माझ्या कारकिर्दीची, नावाजण्याची, उघड्या दाराची, सगळ्याची चीड येते.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगितलेली नाही. कोणी "एकदम फिट" म्हणालं की उठून दार लावते आणि हाताला पट्टा बांधते. वेळ जास्त लागतो, बाहेर कुरकुर होते, तक्रारीही येतील. येऊ देत.

मागच्या रविवारी गावाला गेले. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून जवळ सरकून सांगितलं: आई, बाबा बोलले होते. त्या सोमवारी दवाखान्यात, मला. तिचे हात थांबले. तिने मला दोनदा विचारलं, खरंच काय? मी म्हटलं, खरंच. नायकांचंही सांगितलं. आणि मग बाबा, ती रडली. तुम्ही गेलात तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली. डोळे पुसून म्हणाली, "बोलले होते तर. मना नाय, पन तुला तरी बोलले." सोललेले वाल तसेच टाकून शेजारच्या काकूंना सांगायला गेली. कुंपणाच्या पलीकडून तिचा आवाज येत होता, आमचा मानूस काय लपवनारा नव्हता, पोरीकडे गेलेले सांगायला. लग्न ठरल्याची बातमी सांगावी तशी सांगत होती.

परत आली तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला वाटलं मी दुःखात आहे. म्हणाली, तुझा काय दोस गं, तिथे कवढी गर्दी, कवढी मानसं, कोनाचं म्हनून ऐकशील. मी निघेपर्यंत तिने मला चहा दिला, वालाचं बिरडं डब्यात भरून दिलं, आणि तुमच्याबद्दल काय काय सांगत राहिली, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

हे पत्र मी घरी नेणार नाही. आईला वाचता येतं. दवाखान्यातल्या माझ्या कपाटात, कुलुपात राहील, आणि कधीतरी फाडेन.

कारण आईला मी सांगितलं की गोंगाटात तुमचं बोलणं मला ऐकू आलं नाही. नायकांनाही तेच सांगितलं. बारा वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. तुम्ही म्हणाला होतात, "पूल चढताना छातीत-पाठीत भरून येतंय गो, आज दोनदा थांबलो." मला सगळं ऐकू आलं होतं, बाबा.