आधी कळवलेलं बरं

लायडन, ३ ऑक्टोबर २००६

ती. सोआझिगताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच समजून घे, माझ्या कमरेने महिनाभर संप पुकारला आहे.)

तुझं पत्र पोचलं. एकसष्टाव्या वर्षी तू पहिल्यांदा ल्योंला निघालीस, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच मी ल्योंमध्ये नाही. याला योगायोग म्हणावं की तुझं शहाणपण, ते तूच ठरव. डिसेंबरअखेरपर्यंत मी इथे हॉलंडात जुन्या पोथ्यांवर वाकून बसणार. ल्योंचं घर एका डॅनिश विद्यार्थ्याला दिलं आहे. स्वयंपाकघराला हात लावत नाही, असं त्याने आपणहून कळवलं. तेव्हापासून मला त्या स्वयंपाकघराची काळजी लागली आहे. तेव्हा तुला हॉटेलातच उतरावं लागेल. चढावाच्या पायथ्याशी, चौकाच्या मागे एक लहानसं आहे. मालकीण खडूस, पण चादरी स्वच्छ.

आता नवख्या माणसाला सांगायच्या चार गोष्टी. गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकीट टोचून घे. न टोचलेलं तिकीट म्हणजे संकल्प न सोडता केलेलं दान, पुण्य शून्य आणि वर दंड. पॅरिसला गाडी आणि स्टेशन दोन्ही बदलायची. ज्या स्टेशनावर जायचं त्याचं नाव 'ल्यों स्टेशन'. ती पाटी वाचून पोचलो म्हणून सामान सोडून बसू नकोस. आपल्या वडिलांच्या मावशीने तसं केलं होतं आणि ती मरेपर्यंत ल्योंला आयफेल टॉवर आहे असं सांगत असे. सोमवारी येऊ नकोस, अर्धं गाव बंद असतं. जेवण बारा ते दोनच्या आत. दोननंतर गेलीस तर खानावळवाला तुझ्याकडे असा बघेल की जणू तू त्याच्या वाडवडिलांच्या श्राद्धात झिम्मा खेळायला लागलीस. दुकानात शिरल्याबरोबर आधी 'बाँज्यूर', मग कामाचं बोलणं. चपला सपाट घाल, चढ फार आहे. लोणी तिथे अळणीच मिळतं, आपल्या बंदरावरच्यासारखं खारं नाही, त्याचा शोक आधीच करून घे.

उरला एनोराचा प्रश्न. ताई, इकडे निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं. तुझ्या लेकीने शांतपणे सांगितलं, की आई येत असेल तर शहर सगळ्यांचं आहे, पण आपल्या इमारतीच्या दाराचा आकडा मामाने तिला द्यायचा नाही. वचन घेतलं आणि मग मला सूप वाढलं. फांशभावोजींना जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी तुम्हा दोघींच्या मधला पूल झालो आहे. पुलाला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझी पाठ कशी आहे. खरं सांगायचं तर थकलो.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरतो, तोच टिकवावा ही विनंती.
तुझा,
एर्वे

*

ल कॉन्के, १० ऑक्टोबर

चि. एर्वेस, अनेक उ. आ.

तीस वर्षं बंदरावर मासळी विकली मी. गिऱ्हाइकाला आधी बाँज्यूर म्हणायचं हे तू मला शिकवतोस? पोथ्यांची धूळ डोक्यात गेली वाटतं तुझ्या. मावशीची गोष्ट मात्र खरी आहे.

इथे बरं आहे. वारा आहे, म्हणजे आहेच. शेजारची मारी-टेरेझ रोज येऊन विचारते, कधी निघतेस. मी म्हणते, एक तारखेच्या पितरांच्या सणाला फांशच्या थडग्यावर शेवंती ठेवली की निघेन. तिला वाटतं मी फिरायला चाललेय. चित्रं बघून ये म्हणाली. हो म्हटलं.

माझा प्रश्न तू नीट वाचलाच नाहीस. स्टेशन, सोमवार, चपला हे सगळं मी त्या खडूस मालकिणीला विचारीन. मी विचारलं होतं, तिच्या दारापर्यंत जायचं कसं. पत्ता आहे माझ्याकडे. सहा पत्रं त्या पत्त्यावर गेली, परत एकही आलं नाही, म्हणजे तिला मिळाली. फोन वाजतो, ती उचलत नाही. आणि आता तू म्हणतोस दाराला आकडा आहे. दाराला कडी असते, घंटा असते. आकडा कसला?

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मारी-टेरेझला सांगता येत नाही. डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं. फांश म्हणाला, पोरीला आत्ता काही बोलू नकोस, तिची शाळा चालू आहे, वर्गातली पोरं सोडून धावत येईल. ईस्टरच्या सुट्टीत येईल तेव्हा सांगू. मी ऐकलं. सुट्टीआधीच तो गेला. पोर आली ती बंद शवपेटीजवळ. तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "मला निरोप घेऊ दिला नाहीस." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. ती मला चूक म्हणते ते बरोबर आहे. पण मी कुणाचं ऐकायला हवं होतं, मरणाऱ्याचं की जगणारीचं, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या शास्त्रात असेल तर कळव.

मला तिला एकदा समोर बघायचंय. दमलेय रे मीही. सहा पत्रांनंतर शब्दच संपतात.

अंग शेकत जा. लोभ तर आहेच, तो काय लिहायचा.
ताई

*

लायडन, १८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (आता अर्धांग जमतं, डावीकडचं.)

शास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही देणारे आचार्य एकमेकांशी आयुष्यभर बोलले नाहीत. तेव्हा तो नाद सोड.

आकड्याचं असं आहे. ल्योंमध्ये रस्त्यावरच्या दाराला घंटा नसते. भिंतीत बटणांची एक पट्टी असते. आकडा माहीत असेल तर दार उघडतं, नसेल तर तू संत असलीस तरी बाहेर. घंटा, नावांच्या पाट्या, टपालपेट्या, सगळं आत. ज्याला बोलावलं आहे त्यालाच आकडा सांगतात. सांगितला नाही याचा अर्थ तिथे लहान मुलालाही कळतो. वचन दिलं आहे, आकडा मी सांगणार नाही.

मात्र नवख्या प्रवाशाने ल्योंला येऊन त्राबूल पाहिल्याशिवाय जाऊ नये, हे कुठलाही जाणकार तुला सांगेल. त्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून, या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जाणारी बोळं. जुन्या काळी विणकर रेशमाचे गठ्ठे पावसात भिजू नयेत म्हणून यातून नेत. आत लोक राहतात, पण सकाळच्या वेळी पाहुण्यांना जाऊ द्यायचं, असा नगरपालिकेशी त्यांचा करार आहे. एनोराच्या घराच्या खालच्या रस्त्याला एक हिरवं दार आहे. सकाळी त्याच्या बाजूचं पितळी बटण दाबलं की आकड्याविना उघडतं. हळू बोलावं, जिन्यात हसू नये. बोळातून अंगण लागतं, अंगणात डाव्या हाताला दगडी जिना. तिसऱ्या मजल्यावर काय आहे ते मी सांगणार नाही. तिथे पाहण्यासारखं काय असतं ते ज्याचं त्याने ठरवावं. तुझी लेक प्राथमिक शाळेत शिकवते आणि बुधवारी शाळा नसते, हे तर तुला ठाऊकच आहे. मी वचन मोडलं नाही. मी फक्त प्रेक्षणीय स्थळाची माहिती दिली.

शेवटची एक, आणि ही खरोखर महत्त्वाची. आपल्याकडे भेटल्यावर गालाला गाल लावायचा तो एकदाच, आणि मोकळं व्हायचं. ल्योंमध्ये दोनदा, दोन्ही गालांना. एनोरा नऊ वर्षं तिथे आहे, ती आता दोनची झाली. तू सवयीने एकावर थांबून मागे सरलीस, तर तिचा दुसरा गाल हवेत राहील. दीड वर्षाच्या अबोल्यानंतर अपुऱ्या हिशेबाने सुरुवात नको. दोन, ताई. घोकून ठेव.

लोभाची ग्वाही तू देत नाहीस, तरी मी मागतोच, सवय.
तुझा,
एर्वे

*

ल कॉन्के, २८ ऑक्टोबर

चि. एर्वेस, अनेक उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लहानपणी आईने डब्यातले लाडू मोजून ठेवले तर तू डब्याला हात लावायचा नाहीस, धाकट्या यानकडून काढून घ्यायचास आणि म्हणायचास, मी कुठे डबा उघडला. पन्नाशी उलटली तरी तस्साच आहेस.

मनाला मोह झाला, खोटं कशाला बोलू. हिरवं दार, पितळी बटण, दगडी जिना. दोन रात्री त्या जिन्याने चढत होते मी अंथरुणात. मग वाटलं, वर पोचून दार वाजवलं आणि तिने उघडलं, तर तिच्या तोंडावर काय येईल? पुन्हा आईने आपल्याला न सांगता केलं, हेच ना. मागच्या वेळी मी तेच केलं होतं, तिच्या भल्यासाठी. आता मागच्या वाटेने तिच्या जिन्यात उभी राहिले, तर ते तरी कुणाच्या भल्यासाठी?

म्हणून तुझं प्रेक्षणीय स्थळ राहू दे. मी तिला कार्ड टाकलंय. सातवं. पत्र नाही, कार्ड, म्हणजे पाकीट फोडायचं की नाही हा विचार नको. त्यावर लिहिलं ते तुलाही लिहिते, म्हणजे उद्या तू मधेच काही सुधारायला जायचा नाहीस:

"बुधवारी आठ तारखेला सकाळी अकराला तुझ्या वरच्या रस्त्याच्या दारासमोर उभी राहीन. आत येणार नाही. जेवणवेळ होईपर्यंत थांबेन, मग परत जाईन. तुला आधी कळवते आहे."

ती नाही आली तर मी चित्रं बघून येईन. मारी-टेरेझला सांगायला काहीतरी हवंच.

लोणी घेतलंय. खारं. बर्फात गुंडाळून नेईन, तुझ्या ल्योंला काय कळतंय लोण्यातलं.

दोन गालांचं घोकते आहे. आरशासमोर मान वळवून बघितली, वेडीच दिसते.

काळजी घे. जे आहे ते आहेच तुझ्यावर.
ताई

*

ल्यों, ९ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न.

कमरेचं कसं आहे? तुझं टपाल बघायला गेले तेव्हा तुझ्या घरातला डॅनिश मुलगा जिन्यात भेटला होता. कढया कुठे मिळतात ते त्याने मला विचारलं. तुला सांगायचं नाही म्हणालाय, म्हणून सांगते.

मी जायचं नाही असं ठरवलं होतं. कार्ड आल्यापासून ते टेबलाच्या खणात टाकून दिलं होतं, आणि वह्या तपासायला म्हणून रोज खण उघडत होते. बुधवारी सकाळी मी कपडे धुतले. मग खिडक्या पुसल्या, रस्त्याकडच्या. बाबांच्या वेळी तिला कळवायला जमलं नाही आणि आता कार्ड धाडतेय, हेच डोक्यात घोळत होतं. राग जुना झाला की त्याला आपलंच वजन पेलत नाही मामा, तो दमतो. पण सुटतही नाही.

अकराला ती दारासमोर होती. निळा कोट, तोच. धुकं होतं. तिने वर एकदाही बघितलं नाही. रस्त्याकडे पाठ, दाराकडे तोंड, आणि हातात एक पिशवी. अर्धा-पाऊण तास तशीच.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, मादाम पिशोन, भाजी घेऊन आल्या. वर येऊन त्यांनी माझं दार वाजवलं ते धापा टाकतच. खाली एक बाई उभ्या आहेत, म्हणाल्या. त्यांनी स्वतः आकडा दाबून दार धरलं होतं आणि म्हटलं होतं, या, आत ऊब आहे. तर त्या बाईंनी आधी बाँज्यूर म्हटलं, मग आभार मानले, आणि म्हणाल्या, "मला अजून बोलावलेलं नाही." मादाम पिशोन या इमारतीत चाळीस वर्षं राहतात. उघडं दार धरलं असता आत न येणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. वेड्या आहेत का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, नाही, माझी आई आहे.

हे म्हटलं आणि मग खाली न जाण्याचं काही कारणच उरलं नाही.

दार उघडलं. मी पुढे झाले, तिच्या सवयीप्रमाणे, गावच्यासारखा गालाला गाल लावला, एकदा, आणि मागे सरले. तिचं तोंड मात्र दुसऱ्या गालासाठी अजून पुढेच होतं. नाक माझ्या कानाला लागलं, टोपी सरकली. दोघीही रस्त्यात तशाच उभ्या. तिचा चेहरा असा झाला, की इतक्या लांबून येऊन पहिलीच गोष्ट चुकली. मग ती म्हणाली, "एर्वेनं दोन सांगितले होते."

मामा, ही बाई माझ्यासाठी ल्योंची झाली होती आणि मी तिच्यासाठी ल कॉन्केची. मला हसू आलं. आधी हसूच आलं, बाकीचं जिन्यात. मी दुसरा गाल पुढे केला आणि तिने तो हिशेब पुरा केला, अगदी गंभीरपणे, तिकीट टोचून घ्यावं तसा.

जेवलो घरीच, कारण डोळे कोरडे होईपर्यंत दोन वाजून गेले होते. पाव आणि तिचं लोणी. ते निम्मं वितळून पिशवीत सांडलं होतं, पण खारं होतं. बाबांचं मी काही विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं, फेब्रुवारीपासून, एकेक दिवस, मधे न थांबता. शेवटच्या आठवड्यात ते माझ्या शाळेचं वेळापत्रक उशाशी ठेवून झोपत आणि आत्ता तिचा कुठला तास चालू असेल ते आईला सांगत. बरोबर सांगत, म्हणे. ते ऐकून मी उठून भांडी घासली. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही. संध्याकाळी ती हॉटेलात गेली, आपल्याच पायांनी. ती मालकीण म्हणे मुळीच खडूस नाही, तुझाच स्वभाव तसा आहे.

उद्या ती निघते. आज शाळा सुटल्यावर चित्रं दाखवायला नेलं. मारी-टेरेझबाईंना सांगायला तीन पुरेत म्हणाली, बाकीची बघितली नाहीत.

त्या हिरव्या दाराचं तिने मला सांगितलं. वचनाचा अर्थ तुला नव्याने शिकवायला हवा, आलास की शिकवीन. पण तू आता पूल राहिला नाहीस, तेव्हा पाठीला आराम दे.

आणि एक. आमच्या इमारतीचा आकडा दर जानेवारीत बदलतो. आत्ताचा मी आईला दिला आहे. तिने तो कागदावर लिहिला नाही, पाठ केला. नवा आला की तिला आधी कळवीन, तुला नंतर.

लोभ कुणाचा कुणावर किती, ते आता तुला मधे न घेता आम्ही बघू.
तुझी भाची,
एनोरा