गाण्यात घेतलेलं नाव

अहो,

तुम्हाला पत्र असं कधी लिहिलंच नाही. लिहायला तुम्ही लांब होतात कुठे? सदर बाजारात गेलात तरी थोड्या वेळात "चहा ठेव" म्हणत दारात हजर. पण काल मंडळात तुमचं गाणं झालं. ते कसं झालं हे मीच सांगायला हवं, बाकीचे तुम्हाला मीठमसाला लावून सांगतील.

हो, तुमचं गाणं! आजवर तुम्ही दुसऱ्यांची केलीत. मंडळातला कोणी गाणारा-वाजवणारा गेला की श्रद्धांजलीच्या सभेत भाषणं इतरांची आणि गाणं तुमचं, हे ठरलेलंच. तबल्यावरचे नानाजी गेले तेव्हा तुम्ही मुद्दाम मधेच लय चढवलीत, कारण नानाजी जन्मभर घाईच करत आले. माणसं रडता रडता हसली. अभनपूरचे मंगलूभैया भजन गायला यायचे, कशालाही नाही म्हणायचे नाहीत. त्यांच्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी तुम्ही "हव" टाकलंत. मराठी मंडळात छत्तीसगढी काहून, म्हणून कोणी कुरकुरलं, तर तुम्ही पेटीवरून मान वर न करता म्हणालात, "मंगलूभैया काय मराठीत हो म्हणत होता?"

आणि नियम तुमचा एकच. गेलेल्याचं नाव धृपदात आलंच पाहिजे, तेही साधं. श्री नको, राव नको, कैलासवासी तर मुळीच नको. "नाव नसलं तं ते गाणं कोणाच्याही तेरवीले चालते," असं म्हणायचात.

शब्द मात्र माझ्याकडून घ्यायचात! मी पोळ्या लाटत असायची आणि तुम्ही आतून ओरडायचात, "एक शब्द दे वो, नानाजीशी जुळन असा." मी देत राहिले. माइकवर कधी सांगितलंत का, की यमकं आमच्या घरातून येतात? एकदाही नाही. मला राग नव्हता, पण ऐकायला आवडलं असतं.

तर तुम्ही गेल्यावर मंडळाचे सेक्रेटरी बंडूभाऊ घरी आले.  चहाची बशी हातात धरून म्हणाले, "वहिनी, आता गाणं कोण करन? साऱ्याइचं तं त्याइनंच केलं."

"मी करतो," असं माझ्या तोंडून निघून गेलं. बंडूभाऊंना हायसं वाटलं. मला मात्र ते गेल्यावर दरदरून घाम फुटला.

चाल तुमचीच घेतली, ती तुम्ही सकाळी उगाच वाजवत बसायचात ना, तीच. शब्द सुचायला त्रास झाला नाही. अडलं ते नावावर. लग्नापासून तुमचं नाव मी घेतलं ते उखाण्यात, तेही मागे राव लावून. बँकेत कोणी विचारलं तर पासबुक पुढे करायची. आता भर सभेत, माइकवर, राव न लावता? माझी जीभच वळेना.

आपली सई, तुमची नात आणि शेवटची शिष्या, पेटी घेऊन समोर बसायची. तिला सगळं मराठी समजतं आणि उत्तर हिंदीत येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाली, "आजी, 'अहो' ही डाल दो ना गाने में."

मी म्हटलं, "मंग हॉलातले सारे नवरे वळून पाहतीन!"

हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मीही हसले. पण गाणं तिथेच अडून राहिलं. "पेटीवाले" घालून पाहिलं, "धनी" घालून पाहिलं. धनी ऐकून सईनेच नाक मुरडलं. तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. बिननावाचं गाणं तुमच्यासाठी म्हणायचं? तुम्ही नानाजींना दिलंत, मंगलूभैयांना दिलंत, ते तुम्हालाच मिळू नये? मग नाव घातलं, पण तालमीत त्या जागी मी नुसतं गुणगुणायची.  सई तिथे पेटी जरा हळू करायची, वाट पाहायची आणि पुढे जायची.

काल पुरानी बस्तीतला तो हॉल भरला होता. तुम्हाला गर्दी बघून बरं वाटलं असतं, आणि तुमच्या फोटोला घातलेला तो प्लास्टिकचा हार बघून राग आला असता. बंडूभाऊंचं भाषण लांबलं. मग सईने तुमची पेटी उघडली.

भाता मिटला तरी सुराला थांबून बसला गायक,
पेटीवरती हात कुणाचा?

आणि मी थांबले. सईही थांबली. ही काही गुणगुणायची जागा नव्हे, हे आम्हा दोघींना कळत होतं.  मी डोळे मिटले आणि म्हटलं: विनायक, विनायक.

झालं काय माहीत आहे? पुढच्याच रांगेत आपल्या शेजारच्या शालूकाकू. त्यांना आता कमी ऐकू येतं आणि मंगळागौरींचा सराव जन्माचा. यमक जुळलं, नाव आलं, काकूंनी टाळीच वाजवली! "घेतलं बाई नाव! घेतलं एकदाचं!"

श्रद्धांजलीच्या सभेत, अहो!  मग मागे एक बाई फिस्सकन हसली, दुसरी हसली, आणि कोणीतरी लग्नात ओरडतात तसं म्हटलं, "ऐकू नाही आलं, अजून एकदा!" मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी ती ओळ पुन्हा म्हटली. या खेपेला हॉल माझ्याबरोबर म्हणाला. ज्या पोट्ट्यांना मराठीत पाणी मागता येत नाही, तेही विनायक, विनायक म्हणत होते. बंडूभाऊ तर चष्मा काढून रडत होते. नानाजींच्या गाण्यालाही असं झालं नव्हतं, उगाच सांगत नाही.

घरी येताना रिक्षात सई म्हणाली, "आजी, अब तो आदत हो गई। घर में भी नाम से बुलाया करो, दादाजी को अच्छा लगेगा।"

तिला मी दवाखान्यातलं सांगितलं. तेव्हा ती औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही कोणाला ओ देत नव्हतात. डॉक्टर म्हणाले, नाम लेकर बुलाइए. नर्सने कानाशी जाऊन तुमचं नाव घेतलं, चांगलं मोठ्याने, पुन्हा पुन्हा. तुम्ही ढिम्म. मग मी वाकले आणि मला जे येत होतं तेच म्हटलं, "अहो." आणि तुमची भुवई हलली. नर्सने पाहिलं. मीही पाहिलं.

 सई माझा हात धरून बसली, घर येईपर्यंत.

म्हणून हे कबूल करून ठेवते. तुमचं गाणं दरवर्षी म्हणेन, नाव घेऊन, राव न लावता, आणि माझ्यानंतर सई म्हणेल. ते नाव आता सगळ्यांचं, हवं त्याने घ्यावं. घरात मात्र मी तुम्हाला अहोच म्हणणार. तुम्ही ऐकता ते तेवढंच.

तुमची,
कुमुद