शिडीवरचे पाय

२ फेब्रुवारी

ती. सौ. आई व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. व्हिडिओच्या वर्गात बाईंचा पहिला धडा असा, की चित्र आधी डोळ्यांनी धरायचं, मग कॅमेऱ्याने. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या आपल्या घरातल्याच माणसाने हे मला लहानपणीच फुकट शिकवलं आहे! पण बाबा, कॅमेरा रोखला की तुम्ही पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ. बंद केल्यावर बोलेन, हेच पालुपद. निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या शिडीपाशी केलेलं शूटिंग अजून पाहिलेलं नाही. घरातली पहिली पदवीधर आता घरातली पहिली फिल्म करणार. खोकल्याचं औषध घ्या.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची,
शेंडेफळ

११ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. ह्यांना जाऊन महिना होत आला. अर्धवट राहिलेली पाटी औषधवाल्याने तशीच लावली आहे. भिंतीवरच्या फोटोत गळ्यापर्यंत बटणं लावलेला कुणी परकाच वाटतो गं. मला ह्यांना एकदा बोलताना बघायचं आहे. तू काढलेला व्हिडिओ पाठव. जेवत जा.

तुझी,
आई

१९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

सवयीने ‘सौ.’ लिहायला गेले आणि पेन थांबलं.

कसं सांगू? नवशिक्यांचं होतं तसं माझंही बटण उलटं पडलं. सुरू समजून मी कॅमेरा बंद करत होते आणि बंद समजून सुरू. बाबा ताठ उभे होते, त्यातलं काही नाही. कॅमेरा खांद्याला लोंबत होता तेवढंच आलं आहे: शिडीच्या पायरीवर त्यांचे पाय, चपलांवर रंगाचे थेंब. चेहरा कुठेच नाही. बोलणं मात्र सगळं आहे. मी पोटभर जेवते का विचारतात, तुझ्या चहाला नावं ठेवतात, मधूनच खोकतात. बाई म्हणाल्या, हीच तुझी फिल्म, नुसते पाय आणि आवाज. फक्त खोकला कापून टाक.

आई, तुला ते दिसायला हवे होते. तेवढंही माझ्याकडून झालं नाही. पाठवू का?

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी,
शेंडेफळ

२६ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पाठव. चेहरा आपल्या दोघींना पाठ आहे. तुझं बटण सरळ पडलं असतं तर हाती काय आलं असतं? एक पुतळा. माझ्या चहाला नावं ठेवतात काय! ऐकून चार शब्द सुनावीन. आता उलट उत्तर तरी यायचं नाही.

खोकल्याला मात्र हात लावू नकोस. जिन्यात तो ऐकू आला की मी आधण ठेवायची. परवा कुणी दुसराच खोकला, आणि मी दोघांचं पाणी टाकलं.

येत जा गं.
तुझी,
आई